शिक्कामोर्तब ते डोंगल: गावाचा शिक्का नक्की कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांबरोबर पीककर्जाच्या कामासाठी एका बँकेत गेलो होतो. बँकेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका बँकेची नाहीच. काकांनी मोबाइलवरून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला होता आणि झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट आणली होती. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यावर तलाठ्याचा गोल शिक्का कुठाय?"

काका म्हणाले, "साहेब, खालीच लिहिलंय, सही-शिक्क्याची गरज नाही म्हणून."

साहेब म्हणाले, "ते असू द्या. शिक्का मारून आणा."

काका गेले, दोन दिवस मोडले, भाऊसाहेबांना गाठलं, शिक्का मारून आणला. काम झालं. मला मात्र राग आला होता. घरी येऊन साहेबांवर एक खरमरीत पोस्ट लिहायला घेतली. लिहिता लिहिता लक्षात आलं की साहेबांची शंका अगदीच चुकीची नव्हती, चुकला होता तो त्यांचा उपाय. आणि याहून मोठी चूक आपण सगळेच गावोगाव रोज करतोय. ती कोणती, हे सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

*

आपण एखादी गोष्ट पक्की झाली की "शिक्कामोर्तब झालं" म्हणतो. हा शब्द आला कुठून?

जुन्या मराठी कागदांत दोन ठिकाणी शिक्के असत. वरच्या बाजूला मुख्य मुद्रा, म्हणजे हा कागद कोणाच्या अधिकारानं निघाला ते सांगणारा शिक्का. आणि मजकूर संपला की शेवटच्या ओळीला चिकटून एक छोटा शिक्का. त्यावर "मोर्तब सूद" अशी अक्षरं असत. मूळ शब्द फारसी वळणाचे, अर्थ साधारण "पुरं झालं, नीट लावलं". शिवाजी महाराजांच्या पत्रांत शेवटी मर्यादेची मुद्रा असे, तिचाही अर्थ हाच की मजकुराची हद्द इथं संपली.

हा छोटा शिक्का शोभेसाठी नव्हता. खाली कोरी जागा राहिली तर कुणीतरी दोन ओळी घुसडेल, ही भीती होती. कागद लांब असला तर एकाला एक बंद चिकटवून त्याची गुंडाळी करत आणि मागच्या बाजूला सांध्यावरही शिक्का उमटवत. मधला एक बंद काढून दुसरा घातला, तर सांध्यावरचा अर्धा शिक्का जुळणार नाही.

म्हणजे त्या काळच्या दफ्तरदारांना दोन वेगवेगळे प्रश्न नीट कळले होते. पहिला: हा कागद कोणाचा? दुसरा: कागद निघाल्यानंतर त्यात कुणी बदल केला का? वरची मुद्रा पहिल्याचं उत्तर देते, खालचं मोर्तब आणि सांध्यावरचा शिक्का दुसऱ्याचं.

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातल्या "धरावे"चं "मारावे" केलं, ध चा मा केला, अशी कथा आहे. इतिहासकार ती कथा जशीच्या तशी मानत नाहीत, पुरावा म्हणून तसा कागदही दाखवता येत नाही. पण अडीचशे वर्षं ती लोकांच्या तोंडी का टिकली? कारण पत्र खरं, माणूस खरा आणि तरीही एका अक्षरानं सगळा घात, ही भीती सगळ्यांना कळते.

आता ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काय? आपल्याकडे पाटलाच्या नावापुढे "निशाणी नांगर" अशी खूण असायची. पुढे इंग्रजी अमलात अंगठा आला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. उद्देश एवढाच की उद्या त्यानं "ही सही माझी नाही" म्हणू नये. नाकारता येऊ नये, हा सहीचा तिसरा गुण.

कोणाचं आहे, बदललं का, आणि नाकारता येईल का. हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

*

शिक्क्याची एक मोठी अडचण आहे. तो खोटा करता येतो. तेलगी प्रकरण आठवतं ना? अब्दुल करीम तेलगीनं मुद्रांक, म्हणजे साक्षात सरकारचा छापील विश्वास, बनावट छापून देशभर विकला. २००१ मध्ये तो पकडला गेला, शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मेला. पण त्याआधी कितीतरी लोकांनी घराची, जमिनीची कागदपत्रं त्या मुद्रांकांवर केली होती. कागद हातात घेऊन खरा-खोटा ओळखणं सामान्य माणसाला शक्यच नव्हतं.

गंमत म्हणजे, ज्या काळात तेलगीचा धंदा जोरात होता, त्याच काळात दिल्लीत कागदाशिवायच्या सहीचा कायदा तयार होत होता.

या सहीची कल्पना १९७६ सालची. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलं की किल्ल्यांची अशी जोडी करता येईल ज्यातली एक किल्ली गुप्त ठेवायची आणि दुसरी चक्क चौकात लावायची. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारं गणित शोधलं.

हे चालतं कसं, ते साध्या शब्दांत सांगतो. तुमच्या फाइलचा आधी एक ठसा काढला जातो. ठसा म्हणजे ठरावीक लांबीचा एक आकडा. फाइलमधलं एक अक्षर, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो. ध चा मा केला की ठसा बिघडलाच. मग तो ठसा तुमच्या गुप्त किल्लीनं बंद केला जातो. हीच तुमची डिजिटल सही. समोरचा माणूस तुमच्या जाहीर किल्लीनं ती उघडून बघतो आणि ठसा जुळतो का ते ताडतो. जुळला तर दोन गोष्टी सिद्ध होतात: सही याच किल्लीनं झाली आणि नंतर कुणी हात लावलेला नाही. मुद्रा आणि मोर्तब, दोन्ही एका फटक्यात.

पण एक प्रश्न उरतो, आणि आजच्या पोस्टचा खरा विषय तोच आहे. चौकात लावलेली किल्ली माझीच कशावरून? कुणीही "ही अमुक तहसीलदारांची किल्ली" म्हणून पाटी लावली तर?

लोरेन कोनफेल्डर नावाच्या एका विद्यार्थ्यानं १९७८ मध्ये आपल्या पदवीच्या प्रबंधात यावर तोड सुचवली. ज्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा एक तिसरा माणूस हवा. त्यानं ओळख तपासायची आणि "ही किल्ली या माणसाची" असा दाखला स्वतः सही करून द्यायचा. या दाखल्याला प्रमाणपत्र म्हणतात आणि तो देणाऱ्याला प्रमाणन प्राधिकारी. म्हणजे गणितानं बाकी सगळं सोडवलं, पण शेवटी गाडी येऊन थांबली ती "ओळख देणारा साक्षीदार कोण?" या आपल्या जुन्याच प्रश्नावर.

*

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यानं डिजिटल सहीचा पहिला कायदा केला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याला ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. जिथं कायद्यानं सही लागते तिथं ही सहीही चालेल, असं तो स्पष्ट सांगतो.

साक्षीदारांवरही साक्षीदार हवा, म्हणून कायद्यानं दिल्लीत प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक नेमला. त्याच्याकडे सगळ्यांची मूळ किल्ली. तो परवानाधारकांच्या किल्ल्यांवर सही करतो, परवानाधारक तुमच्या-माझ्या किल्ल्यांवर. वतनाच्या सनदेवर छत्रपतींची मुद्रा, पेशव्यांच्या मुद्रेत छत्रपतींचं नाव, आणि त्या अधिकारात पुढच्यांचे शिक्के, ही उतरंड आपल्याला नवी नाही.

परवाना असातसा मिळत नाही. कंपनी असेल तर नियमांनी निदान ५ कोटींचं भांडवल आणि ५० कोटींची नक्त मालमत्ता मागितली. परवाना ५ वर्षांचा, दुसऱ्याला देता येत नाही, ऑडिट सक्तीचं. पहिला परवाना २००२ च्या फेब्रुवारीत सेफस्क्रिप्टला मिळाला. मग सरकारी कामासाठी एनआयसी, बँकांसाठी हैदराबादची आयडीआरबीटी, मुंबईची टीसीएस, गुजरातची एन-कोड असे एकेक येत गेले. बंगळुरूच्या एका परवानाधारक कंपनीचं नाव तर ई-मुद्रा आहे. आपल्या पुण्याची सीडॅकही परवानाधारक आहे आणि तिच्या सेवेचं नाव ई-हस्ताक्षर. मुद्रा आणि हस्ताक्षर, शब्द शेवटी जुनेच कामाला आले.

सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं. २००६ मध्ये कंपन्यांची कागदपत्रं ऑनलाइन भरणं सुरू झालं आणि सीएंच्या ऑफिसात ते पेनड्राइव्हसारखे डोंगल दिसायला लागले. मग ई-टेंडर आलं. २००९ पासून सुधारित कायद्यानं इतर प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक सह्यांनाही दार उघडलं आणि २०१५ मध्ये आधार ओटीपीवरची ई-साइन आली. तिच्यात किल्ली एका सहीपुरतीच तयार होते, काम झालं की नष्ट होते, प्रमाणपत्राची मुदत अवघी अर्धा तास. १ मे २०१८ ला, महाराष्ट्रदिनी, डिजिटल सहीचा सातबारा आला आणि हा विषय थेट बांधावर पोचला.

एक व्यवहारातली गोष्ट इथंच सांगतो. सगळ्यालाच ही सही चालते असं नाही. मृत्युपत्र आजही कागदावरच करायचं, साक्षीदारांसमोर. व्हॉट्सॲपवर "डिजिटल मृत्युपत्र करून देतो" म्हणणारे फिरतायत, त्यांच्यापासून लांब राहा.

*

आता साक्षीदारच फुटला तर काय होतं, त्याच्या दोन गोष्टी ऐका.

पहिली नेदरलँडची. तिथं नोटरी मंडळींशी जोडलेली डिजिनोटार नावाची प्रमाणपत्र देणारी कंपनी होती. सरकारी वेबसाइटही तिच्या प्रमाणपत्रांवर चालत. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं आणि पाचशेहून जास्त बनावट प्रमाणपत्रं तयार केली. त्यातलं एक गूगलच्या नावाचं. ते वापरून इराणमधल्या सुमारे तीन लाख लोकांचं ईमेल चोरून पाहण्याची सोय झाली. कंपनीला घुसखोरी जुलैमध्येच कळली होती, पण तिनं जाहीर केली नाही. ऑगस्टच्या शेवटी इराणमधल्या एका साध्या वापरकर्त्याच्या ब्राउझरनं इशारा दिला, त्यानं तो लोकांसमोर टाकला आणि बिंग फुटलं. तपासणीत निघालं की महत्त्वाच्या सर्व्हरवर अँटिव्हायरससुद्धा नव्हतं. डच सरकारनं ३ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन विश्वास काढून घेतला आणि २० सप्टेंबरला कंपनी दिवाळखोर जाहीर झाली.

ज्या दुकानात विश्वास हाच माल, तिथं तो एकदा नासला की गल्ल्यात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट आपलीच. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की आपल्या नावाची प्रमाणपत्रं भलत्यालाच दिली गेली आहेत आणि ती निघाली आहेत भारतातल्या एनआयसीच्या यंत्रणेतून. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची ती अधिकारपत्रं रद्द केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. एनआयसीला प्रमाणपत्रं देणं थांबवावं लागलं. पण गूगलनं त्यानंतर आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये भारताच्या मूळ किल्लीला मोजक्या डोमेनपुरतंच मर्यादित केलं. दिल्लीतल्या उतरंडीचा शब्द जगाच्या बाजारात आखडला तो असा. आपल्याकडे यावर किती चर्चा झाली? मला तरी गावात, तालुक्यात कुणाला हे माहीत असलेलं दिसलं नाही.

*

आता पुन्हा बँकेतल्या साहेबांकडे येऊ.

डिजिटल सही ही फाइलमध्ये असते. कागदावर प्रिंट काढली की उरतं ते त्या सहीचं चित्र. ते चित्र कुणीही फोटोशॉपमध्ये बनवू शकतो. म्हणजे नुसत्या प्रिंटवर विश्वास ठेवायला साहेब बिचकले, यात गैर नव्हतं. पण त्यावर गोल शिक्का मारून आणायला सांगणं म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या पत्राला शाईचा डाग नाही म्हणून परत पाठवण्यासारखं. अहो, तो रबरी शिक्का कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी तासाभरात बनवून मिळतो!

खरा उपाय साधा होता. सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो सरकारी पोर्टलवर टाकायचा आणि मूळ उतारा स्क्रीनवर बघायचा. दोन मिनिटांचं काम. काकांचे दोन दिवस वाचले असते. आणि मूळ पीडीएफ कुणी पाठवली, त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं, तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ सही खोटी असा नसतो, आपल्या कॉम्प्युटरला भारताच्या मूळ किल्लीची ओळख करून दिलेली नाही एवढाच असतो. ती ओळख कशी करून द्यायची, हे प्रत्येक शाखेतल्या, प्रत्येक ऑफिसातल्या एका तरी माणसाला यायला नको का? प्रमाणपत्रावर सरकार खर्च करतं, पडताळणी शिकवण्यावर नाही. न वाचता येणारं मोर्तब असून काय उपयोग?

*

आणि आता ती मोठी चूक, जिच्यासाठी एवढी लांबण लावली.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. त्यातून ठेकेदाराला, पुरवठादाराला पैसे द्यायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. कल्पना उत्तम आहे. पूर्वी चेकवर दोन सह्या असायच्या, तसंच. एकानं चुकीचं केलं तर दुसरा अडवेल.

प्रत्यक्षात काय असतं? मी पाहिलेल्या एका ग्रामपंचायतीत दोन्ही डोंगल एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये होते, रबर लावून, आणि पिन एका चिठ्ठीवर लिहून डोंगललाच चिकटवलेला. सरपंचताईंना विचारलं तर म्हणाल्या, "ते आमचे हे बघतात." त्यांचे "हे" म्हणाले, "पोरगा हुशार आहे, तोच करतो सगळं." पोरगा खरंच हुशार आणि सरळ आहे, त्याच्यावर माझा काडीचाही आरोप नाही. पण दोन सह्यांची व्यवस्था एका ड्रॉवरमध्ये संपली, हे खरं की नाही?

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. कलम ४२ सांगतं की गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याच्या नावावर ती आहे त्यानं घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब प्रमाणन प्राधिकाऱ्याला कळवायचं. आणि कळवेपर्यंतची जबाबदारी? त्याच माणसाची. म्हणजे उद्या चौकशी लागली तर "मला माहीत नाही, पोरगा करत होता" हे उत्तर पुरणार नाही. सहीचा तिसरा गुण आठवा: नाकारता येऊ नये. ज्या गुणासाठी हर्शेलनं पंजाचा ठसा घेतला, तोच गुण ताईंच्या गळ्यात फास म्हणून येऊ शकतो.

हेच लहान कंपन्यांत होतं, संस्थांत होतं. संचालकांचे डोंगल वर्षानुवर्षं सल्लागाराच्या कपाटात पडून असतात. मुदत संपली की ओटीपी फोनवरून सांगून नवीन काढले जातात.

पूर्वी कारभारी नेमताना त्याला शिक्केकट्यार देत. पद गेलं की शिक्केकट्यार परत घेत. शिक्का हातात असणं म्हणजेच अधिकार असणं, हे तेव्हा प्रत्येकाला कळत होतं. आज आपण तोच अधिकार बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात भरला आणि त्याचं वजनच विसरलो.

म्हणून चार साध्या गोष्टी. डोंगल आपल्याकडे ठेवा, सही करताना स्वतः बसा आणि रक्कम वाचून मगच पिन टाका. पिन लिहून ठेवू नका. पद सुटलं किंवा डोंगल हरवला तर त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द करायला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या गावाचे दोन डोंगल सध्या कुणाकडे आहेत? हा प्रश्न विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

काकांच्या सातबाऱ्यावर आता डिजिटल सही आहे आणि गोल शिक्काही. काका खूश आहेत, म्हणाले, "आता डबल पक्कं झालं." मी काही बोललो नाही. पण घरी येताना सरपंचताईंकडे गेलो, हे सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ऑफिसात जाऊन आपला डोंगल मागून घेतला. पिन बदलला. आता तो त्यांच्या पर्समध्ये असतो. परवा पहिल्यांदाच त्यांनी एका बिलावर सही करायच्या आधी विचारलं, "हे काम झालंय का, दाखवा."

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, परिस्थिती लिहा.